नागपुरात होमस्कूलिंग करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनी सोबत कशी जमवावी

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेले आईवडील भेटले की त्यांचे पहिले प्रश्न पुस्तकांचे असतात. अभ्यासक्रम कोणता घ्यावा, दहावीचं काय करावं, गणित कोण शिकवणार? या प्रश्नांची उत्तरं मिळतात, ती फार अवघडही नाहीत. होमस्कूलिंग मध्येच सुटतं ते बहुधा दुसऱ्याच कारणाने. आई एकटी पडते. मुलाच्या वयाचं कुणी दुपारी खेळायला नसतं. रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न येतो, "काहून वो, पोराले अजून शाळेत नाही टाकलं?" आणि दर वेळी उत्तर द्यायला जीव राहत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः माणसं जमवण्याबद्दल आहे. कायदा आणि परीक्षा यांच्याबद्दलही लिहिलं आहे, कारण ती बाजू पक्की असली की लोकांशी बोलताना आवाज कापत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. पुण्या-मुंबईत घरी शिकवणारी कुटुंबं जास्त आहेत आणि त्यांचे चालते गट सापडतात. नागपुरात, त्यातही मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत, असा तयार गट सापडेपर्यंत थांबू नका. इथे तो एकेका घरातून उभा करावा लागतो आणि त्याची सुरुवात आपल्याच घरातून होते.

पायरी १ : घरात एकमत करा, आजी-आजोबांसकट

नवरा-बायकोने एका संध्याकाळी बसून आपण हे का करतो आहोत ते वहीत लिहून काढावं. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवाव्यात, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोलत जावं असं सांगितलं आहे. बरीच कुटुंबं तिथूनच निघतात. पण तेवढंच लिहून थांबू नका. शाळेत मुलाला त्रास झाला का, बदलीची नोकरी आहे का, मूल हळू शिकतं का, हेही प्रामाणिकपणे लिहा. कारण स्पष्ट नसेल तर पहिल्या टीकेलाच घरात वाद सुरू होतो.

बाबांनी निदान एक विषय स्वतःकडे घ्यावा. नोकरी असली तरी रात्रीचं बायबलवाचन, शनिवारचं विज्ञान किंवा बाजारहाटातला हिशेब एवढं होतंच. "ती बघते घरचं सगळं" असं बाबा चारचौघांत म्हणू लागले की आईचा अर्धा आधार गेला म्हणून समजा.

आजी-आजोबांचा विरोध बहुतेक घरांत असतो आणि तो काळजीपोटी असतो. त्यांना समजावत बसण्यापेक्षा काम द्या. आपल्याकडच्या कितीतरी आज्या मिशन शाळेत शिकवून किंवा मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग करून निवृत्त झाल्या आहेत. मराठी वाचन, शुद्धलेखन, पाढे, नारायण वामन टिळकांची भजनं चालीवर म्हणणं हे सगळं त्यांच्या हाती द्या. नातवाला स्वतः शिकवणारी आजी महिन्याभरात तुमची वकिली करायला लागते.

घरी शिकणं म्हणजे परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणालं तर लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून द्या. त्यांना शाळा मिळाली नव्हती. लिहिणं-वाचणं त्या लग्नानंतर घरात, पती नारायण वामन टिळकांकडून शिकल्या आणि पुढे त्यांनी लिहिलेलं आत्मचरित्र मराठीतल्या सर्वांत चांगल्या आत्मचरित्रांत गणलं जातं.

पायरी २ : कुजबुज सुरू व्हायच्या आत पाळकांना भेटा

मुलाचा दाखला काढल्याची बातमी मंडळीत तुमच्या आधी पोचते. म्हणून पाळक साहेबांना, कॅथलिक असाल तर पॅरिशच्या फादरना, आधीच घरी बोलवा किंवा स्वतः जाऊन भेटा. परवानगी मागायला जायचं नाही, प्रार्थना मागायला जायचं. आणि सोबत एक नेमकी विनंती न्या: मंडळीतल्या कोणत्या दोन घरांशी आमची ओळख करून द्याल? पाळकांना सगळ्या घरांची आतली माहिती असते. कुणाचं मूल आजारपणामुळे घरी आहे, कोणत्या ताई संडे स्कूल मनापासून घेतात, कोण काका सुतारकाम शिकवू शकतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

इथे एक नाजूक बाब आहे आणि ती नागपुरात विशेष जपावी लागते. या शहरातल्या ख्रिस्ती समाजाने शाळा उभ्या केल्या आहेत. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले आणि त्यांनी शाळा काढली. १८८३ मध्ये सुरू झालेल्या कॉलेजला त्यांचंच नाव आहे. बिशप कॉटन, एसएफएस, सेंट जोसेफ कॉन्व्हेंट ही नावं इथल्या प्रत्येक घराला माहीत आहेत. सदर असो की मेकोसाबाग, कोणत्याही चर्चमध्ये पुढच्या बाकांवर तुम्हाला निवृत्त शिक्षिका, हेडमास्तर, शाळेचे क्लार्क दिसतील. मुलाला शाळेत घालणं म्हणजे गरिबीतून वर येणं, हे त्यांनी स्वतः जगून पाहिलं आहे. अशा माणसांसमोर "आजकालच्या शाळांत काही अर्थ नाही" असं वाक्य तुम्ही सहज टाकलंत तर ते त्यांच्या सगळ्या आयुष्यावर टाकल्यासारखं होतं. त्यांना राग येणं साहजिक आहे.

म्हणून बोलताना आपल्या मुलापुरतं बोला. "आमच्या राहुलला सध्या हे मानवतंय, पुढचं पुढे बघू" एवढं पुरे. त्याहून चांगलं म्हणजे त्याच शिक्षिकेला मदत मागणं: "मॅडम, याचं भूमितीचं काही समजत नाहीये हो, बुधवारी तासभर याल का?" मी पाहिलेल्या कुटुंबांत सर्वांत भक्कम आधार अशाच निवृत्त शिक्षकांनी दिला आहे. ते शिस्तीचे असतात, वेळेवर येतात आणि मुलाची प्रगती मंडळीत तेच सांगतात. आईने शंभरदा सांगून जे होत नाही ते त्यांच्या एका वाक्याने होतं.

संडे स्कूल चुकवू नका. "आम्ही घरी बायबल शिकवतोच" म्हणून मुलाला तिथून काढणं मला मुळीच पटत नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला दर आठवड्याला तीच मुलं, तेच शिक्षक भेटण्याची ती एकमेव हमखास जागा असते. नाताळच्या नाटकात, कॅरोलच्या फेरीत, तरुण संघाच्या क्रिकेटमध्ये त्याला पुढे करा. कॅथलिक घरात पहिल्या कम्युनियनच्या आणि दृढीकरणाच्या तयारीचे वर्गही याच नजरेने बघावेत.

पायरी ३ : कायद्याचं नीट समजून घ्या

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण तसं न केल्यास पालकांना शिक्षा द्यावी अशी तरतूद त्यात नाही. होमस्कूलिंगचा उल्लेखही नाही आणि त्यासाठी नोंदणी किंवा परवाना देणारी यंत्रणाही नाही. त्यामुळे "काही प्रश्नच नाही" म्हणणारे आणि "पोलीस येतील" म्हणून घाबरवणारे, दोघांचंही ऐकून सोडून द्या.

याच कायद्यातलं कलम ४ मला फार दिलासा देणारं वाटतं. कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचाही. म्हणजे परत जायचं झालं तर दार उघडं आहे. हे आजोबांना सांगा, त्यांची झोप सुधारेल.

शाळाबाह्य मुलांची सर्वेक्षणं आपल्या राज्यात होतात. ४ जुलै २०१५ रोजी तर एकाच दिवसात राज्यभर झालं होतं. दारात आलेले शिक्षक त्यांचं काम करत असतात, त्यांना बसवा, पाणी द्या आणि मूल काय शिकतं ते दाखवा. त्यासाठी तीन गोष्टी कायम हाताशी ठेवा: रोज काय केलं याची तारखेसह वही, मुलाच्या लिखाणाची व चित्रांची फाइल, वाचलेल्या पुस्तकांची यादी. शिवाय जन्मदाखला, आधार, बाप्तिस्म्याचा दाखला आणि आईवडिलांचे स्वतःचे शाळा सोडल्याचे दाखले एका फोल्डरमध्ये. आपल्याकडे बरीच सरकारी कामं शाळेच्या दाखल्यावर अडतात आणि तो तुमच्या मुलाकडे नसणार, हे आधीच धरून चालावं.

पायरी ४ : एक दुसरं घर शोधा

गटासाठी दहा कुटुंबं लागत नाहीत. दोन पुरतात. आणि ते दुसरं कुटुंब तुमच्यासारखंच असलं पाहिजे असं नाही. मुलं शाळेत जाणारी पण शनिवारी मोकळी असतील, चालेल. ख्रिस्ती नसलेलं पण होमस्कूलिंग करणारं कुटुंब असेल, तेही चालेल. प्रार्थनेची सोबत एकीकडे आणि अभ्यासाची दुसरीकडे मिळाली तर काही बिघडत नाही. स्वशिक्षण नावाचा भारतातल्या होमस्कूलिंग पालकांचा एक गट आहे, त्यातून विदर्भातली कुटुंबं कळू शकतात.

शोधायला सर्वांत चांगला काळ मे महिना. व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुटीतली बायबल शाळा, भरते तेव्हा शहरातल्या निरनिराळ्या चर्चमधले आईवडील मुलांना सोडायला-न्यायला येतात. तुम्ही तिथे शिकवायला किंवा निदान सरबत वाटायला उभे राहा. ओळखी आपोआप होतात. दुसरी जागा म्हणजे महिला संघाची सभा आणि घरोघरी होणाऱ्या प्रार्थना. तिथे आपली प्रार्थना-विनंती स्पष्ट शब्दांत मांडा: "आम्हाला मुलांसाठी सोबतीचं घर हवं आहे." लाजू नका. कुणाची तरी वहिनी, कुणाची तरी भाची कामठीला किंवा जरीपटक्याला हेच करत असते आणि तीही एकटीच असते.

पायरी ५ : आठवड्यातली एक सकाळ ठरवा

घर मिळालं की लगेच मोठे बेत करू नका. आठवड्यातून एक सकाळ, तीन तास, सगळे पालक हजर. सुरुवातीला एक गीत, एक वचन पाठ, छोटी प्रार्थना. मग एकत्र करण्यासारखं काहीतरी: नकाशा, प्रयोग, वादविवाद, हस्तकला. मग डबा. गणित आणि भाषा आपापल्या घरी.

नागपूरचं ऊन लक्षात घेऊनच वेळ ठरते. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातला जमा आणि दहाच्या आत घरी, कूलरसमोर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र दिवसभर बाहेर राहण्याचे दिवस आहेत आणि आपल्याकडे जाण्यासारखं खूप आहे. सेमिनरी हिल्सला ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे हे नाव मिळालं ती मुलांना दाखवा. गांधीसागरसमोरचं रमण विज्ञान केंद्र, महाराजबाग, अंबाझरी, नॅरोगेज रेल्वे संग्रहालय ही ठिकाणं आठवड्याच्या मधल्या दिवशी जवळजवळ रिकामी असतात. गर्दी नसली की तिथले कर्मचारी मुलांशी निवांत बोलतात. अजब बंगल्याला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाला, सोमवारी सुटी असते, मंगळवार-बुधवार धरा.

अजब बंगल्याची सहल हिस्लॉपच्या गोष्टीशी जोडली तर तीन-चार आठवड्यांचा सुंदर विषय होतो. हिस्लॉप मिशनरी होते, तसेच भूगर्भशास्त्राचे जाणकारही होते. नागपूरच्या आसपासचे जीवाश्म त्यांनी गोळा केले, गोंड लोकांविषयीची माहिती लिहून ठेवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन काळी गोलाकार मांडलेले दगड, पाहून परतताना बोरीजवळच्या पुरात ते वाहून गेले. अजब बंगला सुरू झाला तेही १८६३ मध्येच. मोठ्या मुलांना काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं दाखवायला न्या, तिथे दगड मोजू द्या, वर्तुळाचा परीघ दोरीने काढू द्या. इतिहास, भूगोल, गणित आणि आपल्या मंडळीचा वारसा एकाच सकाळी हाताला लागतो. देवाच्या सेवकाने दगड आणि माणसं दोन्हींकडे इतक्या लक्षपूर्वक पाहावं, हे मुलांच्या मनात राहतं.

पायरी ६ : गट टिकवायचा तर हे आधी ठरवा

पहिलं म्हणजे पंथाचे वाद गटात आणायचे नाहीत. बाळाला बाप्तिस्मा की मोठेपणी, संतांना विनवणी करावी की नाही, आत्म्याने भरून अनोळखी भाषांत प्रार्थना करावी की नाही, हे सगळं ज्याच्या त्याच्या घरी. एकत्र असताना बायबल वाचा, गा, प्रार्थना करा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती याच शहरात. चार घरांनी एका सकाळीपुरतं एकत्र बसणं त्यामानाने सोपं आहे.

दुसरं, गटाला शाळेचं रूप देऊ नका. मान्यतेशिवाय शाळा चालवण्याला कायद्याच्या कलम १८ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढे चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजारांपर्यंत. त्यामुळे पाटी नको, फी नको, मुलांना सोडून जाणं नको. साहित्याचा खर्च वाटून घ्या आणि पालकांनी बसूनच राहावं.

तिसरं शेजाऱ्यांचं. फ्लॅटमध्ये दर आठवड्याला मुलं जमतात, गाण्याचा आवाज येतो, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि शेजारच्या काकूंना आपणहून सांगा की आमच्याच मंडळीतल्या मुलांचा अभ्यासगट आहे. इतर धर्माच्या घरातलं मूल खेळायला आलं तर त्याच्या आईवडिलांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय त्याला प्रार्थनेत बसवू नका. हा त्यांच्या विश्वासाचा मान आहे. गैरसमजही टळतात.

आणि चौथं, ज्यात अजिबात सूट नाही: कोणतंही मूल एकाच मोठ्या माणसासोबत बंद खोलीत एकटं राहणार नाही. ते पाळक असोत, काका असोत की शिकवायला येणारा दादा. चांगल्या माणसांना या नियमाचा राग येत नाही.

पायरी ७ : आईला धीर देणारी माणसं नेमून ठेवा

निराशेचे महिने ठरलेले असतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात विदर्भातल्या शाळा उघडतात, बिल्डिंगमधली मुलं नवी दप्तरं घेऊन रिक्षात बसतात आणि आपलं मूल खिडकीतून बघतं. मग परीक्षांचा फेब्रुवारी-मार्च, आणि निकाल लागले की नातेवाइकांच्या ग्रुपवर टक्के येतात. या दिवसांत आई रात्री जागी राहते. हे दिवस आधीच ओळखून ठेवा आणि त्या आठवड्यांत गटाची सहल, एकत्र जेवण, मुलांच्या कामाचं छोटं प्रदर्शन ठेवा. आजी-आजोबा, पाळक, शिकवणाऱ्या मॅडम सगळ्यांना बोलवा. मुलं कविता म्हणतील, प्रयोग दाखवतील. टक्क्यांखेरीजही काही असतं, हे आईला लोकांच्या तोंडून ऐकू येणं गरजेचं असतं.

याखेरीज दोन आयांनी आपसात एक ठरवावं: आठवड्यातून एकदा फोन, पंधरा मिनिटं, त्यात अभ्यासाची चौकशी नाही. "तू कशी आहेस?" एवढंच विचारायचं आणि शेवटी एकमेकींच्या मुलांची नावं घेऊन प्रार्थना करायची. बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एक पडला तर दुसरा त्याला उठवतो असं म्हटलं आहे. त्यासाठी दुसऱ्याला पडल्याचं कळावं लागतं, आणि ते फोन केल्याशिवाय कळत नाही.

आणि एखाद्या वर्षी शाळेत परत पाठवावंसं वाटलं तर मोकळेपणाने पाठवा. जे कुटुंब शाळेकडे वळलं त्याला गटातून तोडू नका. शनिवारी बोलवत राहा.

दहावीचं थोडक्यात

बहुतेक कुटुंबं एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून दहावी करतात. वय किमान १४ लागतं, बारावीला १५. पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा आणि पाच वर्षांत नऊ संधी. मराठी माध्यमही आहे. राज्य मंडळाच्या दहावीला फॉर्म नंबर १७ भरून बाहेरून बसता येतं, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला मागतात, त्यामुळे कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला तो मार्ग जड जातो. त्याची चौकशी सिव्हिल लाइन्समधल्या विभागीय मंडळाच्या कार्यालयात जाऊन समोरासमोर करा, मूल बारा वर्षांचं असतानाच. आणि जाताना गटातल्या दुसऱ्या आईला सोबत न्या. एकीने विचारायचं, दुसरीने लिहून घ्यायचं.